पोचा काढायचा, रंग राखायचा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या इतक्या खेटून उभ्या असतात, की शेजारचा दरवाजा जरा जोरात उघडला तरी त्याची कड आपल्या दरवाजावर आपटते आणि दहा रुपयांच्या नाण्याएवढा पोचा पडतो. कोकणात हेच काम झाडावरून सुटलेला नारळ करतो, फक्त टपावर आणि जास्त ऐसपैस. अशा वेळी रंग बहुधा शाबूत असतो, पत्रा तेवढा आत गेलेला असतो. गाडी नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली की उत्तर ठरलेलं असतं: डेंटिंग-पेंटिंग करावं लागेल, दोन-तीन दिवस गाडी सोडून जा. मग रंग घासून पत्रा उघडा करायचा, ओढून-ठोकून सरळ करायचा, उरलेला खड्डा पुट्टीने भरायचा आणि त्यावर प्रायमर, रंग, लॅकर चढवायचा. पोचा जातो हे खरं, पण त्याच्याबरोबर कारखान्यात लागलेला मूळ रंगही जातो आणि तो परत मिळत नाही. छोट्या पोच्यासाठी हा सौदा तोट्याचा आहे असं माझं ठाम मत आहे. रंगाला धक्का न लावता पत्रा मागून ढकलून किंवा पुढून ओढून जागेवर आणता येतो. या पद्धतीला पेंटलेस डेंट रिपेअर म्हणतात, कारागिरांच्या तोंडी नुसतं पीडीआर.

आधी रंगाबद्दल, कारण सगळी धडपड त्याच्यासाठी आहे. कारखान्यात काचा, सीटा, वायरी यांतलं काहीच बसवलेलं नसताना गाडीचा नुसता सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात. विजेच्या प्रवाहामुळे हा पहिला थर पत्र्याच्या कानाकोपऱ्यात, अगदी दरवाजाच्या आतल्या पोकळीतसुद्धा धरतो. याला ई-कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण 20 मायक्रॉन असते आणि तो 170 अंश सेल्सियसच्या आसपास भट्टीत भाजला जातो. गंजापासून खरं रक्षण हाच थर करतो. त्यावर प्रायमर, मग रंगाचा थर आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपल्याकडचे पेंटर लॅकर म्हणतात. हा वरचा रंग 140 अंशांच्या आसपास भाजला जातो. सगळे थर मिळून जाडी भरते बहुधा 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सातवा-आठवा हिस्सा. गाडीची सगळी झळाळी आणि सगळं संरक्षण एवढ्याशा जाडीत मावलेलं असतं.

गॅरेजमध्ये गाडी पोहोचते तेव्हा तिच्यात वायरी, प्लास्टिक, गाद्या, बॅटरी सगळं असतं. तिला 140 अंशांच्या भट्टीत घालण्याची सोय उरलेली नसते. म्हणून तिथे हार्डनर मिसळून रासायनिक क्रियेने घट्ट होणारा रंग वापरतात आणि चांगल्या बूथमध्ये 60 ते 80 अंशांपर्यंत उष्णता देतात. कसलेला पेंटर यातही उत्तम काम करतो, त्याच्या हाताबद्दल मला आदरच आहे. पण तो रंग वेगळा आणि त्याची पत्र्यावरची पकडही वेगळी. मेटॅलिक छटेत अडचण आणखी वाढते. रंगातल्या ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या कशा बसतात हे स्प्रे गनचा दाब, पत्र्यापासूनचं अंतर आणि हाताचा वेग यांवर ठरतं. त्यामुळे रंगाचा कोड तोच असूनही दुरुस्त केलेला दरवाजा एखाद्या कोनातून वेगळा दिसतो. तो फरक लपवायला शेजारच्या फेंडरवरही रंग विरवत न्यावा लागतो. नाण्याएवढ्या पोच्यापायी दोन पत्र्यांचा मूळ रंग जातो तो असा.

आता पत्रा. बाहेरचा पोलादी पत्रा बहुतेक गाड्यांत पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. अंगठ्याने दाबला तर तो किंचित आत जातो आणि सोडल्यावर परत येतो, ही त्याची लवचीकता. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की तो कायमचा वाकतो. पोच्यात या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. मधला लहानसा भाग खरोखर ताणला गेलेला असतो. भोवतालचा बराच भाग मात्र मूळ आकारात परतायला तयार असतो, फक्त मधल्या भागाने त्याला अडकवून ठेवलेलं असतं. शिवाय खड्ड्याभोवती पत्र्याचं एक कडं किंचित वर उचललेलं असतं. कारागीर त्याला क्राऊन म्हणतात. आपल्या डोळ्याला खड्डा दिसतो, कडं दिसत नाही, आणि घरगुती दुरुस्ती बहुतेक वेळा फसते ती इथेच. कडं तसंच ठेवून मधून कितीही रेटलं तरी ताण सुटत नाही आणि पत्रा जागेवर बसत नाही.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम पाहिलं असेल तर पुढचा मुद्दा लगेच कळेल. तांब्यावर ठोके पडत गेले की धातू कडक होत जातो. म्हणून तांबट भांडं मध्येच भट्टीत तापवून मऊ करून घेतो आणि पुन्हा ठोकायला बसतो. पोलादाचा पत्राही वाकवला, उलटा वाकवला, की कडक होतो. पण रंगवलेला दरवाजा तसा तापवता येत नाही, त्यामुळे एकदा आलेला कडकपणा काढण्याचा मार्ग नाही. चुकीच्या जागी जोर, मग तो निस्तरायला उलटा जोर, असं पुन्हा पुन्हा झालं की पत्रा ताणून वाढतो, ताठरतो आणि नंतर निष्णात कारागिरालाही दाद देत नाही. पोच्यावर पहिला हात कुणाचा पडतो याला म्हणूनच इतकं महत्त्व आहे.

हात लावण्याआधी पोचा नीट पाहावा. गाडी धुऊन, पुसून कोरडी करा. पुष्कळदा जो डाग पोच्यासारखा दिसतो तो समोरच्या गाडीचा लागलेला रंग असतो. त्यावरून नख हळूच फिरवा. नखाला उंचवटा लागला तर रंग वर चढलेला आहे, नख अडकलं तर चरा आहे. चढलेला रंग मायक्रोफायबरच्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाऊंड घेऊन हलक्या हाताने घासला की निघतो. थिनर मात्र लावू नका. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर तो रंगच मऊ करून टाकतो. मग फ्रिजवरचं एखादं चपटं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पोच्याभोवती फिरवा. सगळीकडे सारखं धरलं तर ठीक. एखाद्या जागी ढिलं पडलं तर खाली पुट्टी आहे, म्हणजे ही जागा आधी कधीतरी ठोकली गेली आहे. अजिबात धरलं नाही तर तो भाग ॲल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा आहे. गाडी जुनी घेतलेली असेल तर ही तपासणी चुकवू नये, कारण पुट्टीवर ओढकाम केलं तर ती रंगासकट उचकटून येते. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र हाताशी असेल तर उत्तमच. शंभर-दीडशेच्या जागी आकडा 300 मायक्रॉनच्या पुढे गेला की तो पत्रा पुन्हा रंगवलेला आहे असं धरून चालावं.

पोच्याच्या आकारापेक्षा त्याची धार जास्त महत्त्वाची. नारळाने टपाला पाडलेला वीतभर रुंद पण उथळ खोलगा दिसायला भयंकर वाटतो, तरी तो तुलनेने सोपा असतो, कारण तिथला पत्रा फारसा ताणला गेलेलाच नसतो. उलट दरवाजाच्या कडेने पाडलेली बोटभर लांबीची टोकदार घडी अवघड असते. पोचा पत्र्याच्या अगदी कडेला, जिथे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो तिथे असेल, किंवा गाडीच्या अंगावरून जाणाऱ्या उठावदार रेषेवर असेल, तर काम आणखी कठीण होतं.

आता प्रकाशाकडे येतो, कारण या कामात सगळ्यात महत्त्वाचं साधन तेच आहे. कारागीर पोच्याकडे पाहतच नाही, तो पोच्यात उमटणाऱ्या प्रतिबिंबाकडे पाहतो. पट्ट्यापट्ट्यांचा एलईडी दिवा किंवा काळ्या-पांढऱ्या रेघांचा बोर्ड तो पत्र्यासमोर उभा करतो. पत्रा निर्दोष असेल तर रेघा सलग, एकसारख्या दिसतात. उथळ खोलगट जागी रेघ फुगते, उंचवट्यावर ती बारीक होऊन आवळली जाते. शाळेत शिकलेले अंतर्वक्र आणि बहिर्वक्र आरसेच हे, फक्त दरवाजावर उमटलेले. बोटाला लागणार नाही इतका चढउतारही रेघेत दिसतो. घरी एलईडीची लांब नळी किंवा साधी ट्यूबलाइट पुरते. ती तिरप्या कोनात धरायची आणि आपण थोडं खाली वाकून, डोळा पत्र्याच्या जवळ आणून पाहायचं. पुढचं सगळं काम ही रेघ सरळ करण्याचं आहे, आणि ती पाहायची सवय डोळ्याला लागेपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावण्यात अर्थ नाही.

दरवाजावरचं सळईकाम जवळून पाहण्यासारखं असतं. काच पूर्ण वर चढवतात, म्हणजे दरवाजाची पोकळी मोकळी होते. काचेखालच्या रबरात पाचर सारून फट करतात, काचेवर ओरखडे उठू नयेत म्हणून मध्ये पातळ ढाल सरकवतात आणि त्या फटीतून स्प्रिंग-पोलादाची, टोकाशी वाकवलेली सळई आत सोडतात. आता सळईचं टोक कुणालाच दिसत नाही. कारागीर नजर रेघांवर ठेवतो आणि सळई अगदी हलकी दाबतो. पोच्यापासून चार बोटं दूर कुठेतरी रेघ किंचित थरथरते. टोक तिथे आहे. मग केसभर, केसभर सरकवत तो ते टोक पोच्याच्या कडेखाली आणतो. तिथून पुढे प्रत्येक दाबाला पेन्सिलच्या टोकाएवढी जागा वर येते. थेट मध्यावर जोर दिला तर तिथे टोकदार फोड उठते आणि भोवती खोलगट वळं राहून जातं. म्हणून तो कडेपासून सुरुवात करून गोल फिरत आत आत येतो. मध्येच सळई थांबवून नायलॉनची बोथट खुंटी क्राऊनवर टेकवतो आणि छोट्या हातोडीने हलके ठोके देतो. कडं उतरलं की आतला पत्रा मोकळा होतो आणि आधी दहा वेळा दाबूनही न हललेली जागा पुढच्या दोन दाबांत वर येते. एका छोट्या पोच्यात असे शंभरावर दाब सहज होतात. अर्धा-पाऊण तास एका नाण्याएवढ्या जागेवर गेला तर तो वेळ योग्य ठिकाणी गेला असं समजावं.

हे काम घरी करू नये, हे मात्र स्पष्ट सांगतो. दरवाजाच्या आत धडकेपासून वाचवणारा आडवा दांडा असतो, लॉकच्या सळया आणि वायरी असतात, काही गाड्यांत साइड एअरबॅगसाठी दाबाचा सेन्सर असतो. टपाच्या कडेला कर्टन एअरबॅग गुंडाळून ठेवलेली असते. आत काय कुठे आहे हे माहीत नसताना सळई घालणं धोक्याचं आहे. आणखी एक गोष्ट: वाट सापडत नाही म्हणून दरवाजाच्या कडेला भोक पाडून सळई घालणारे आणि वर रबरी बूच बसवून देणारेही भेटतात. त्यांना नाही म्हणा. त्या भोकाच्या काठावर ई-कोट तुटलेला असतो आणि पावसाळ्यात गंजाची सुरुवात तिथूनच होते.

घरी करता येण्याजोगं काम म्हणजे गोंद लावून बाहेरून ओढणं. त्याचं किट सहज मिळतं: ग्लू गन, गोंदाच्या कांड्या, प्लास्टिकच्या टॅब, छोटा लिफ्टर, नायलॉनच्या खुंट्या. पण रंग कारखान्यातला आणि शाबूत असला पाहिजे, ही अट सोडायची नाही. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर गोंदाची पकड रंगाच्या पकडीपेक्षा जास्त भरू शकते, आणि मग टॅबबरोबर रंगाचा पापुद्रा हातात येतो.

गाडी सावलीत घ्या. मे महिन्यात अकोला-नागपूरकडे उन्हात उभ्या गाडीवर हात टेकवत नाही, अशा पत्र्यावर गरम गोंद घट्टच होत नाही. उलट नाशिकच्या जानेवारीतल्या सकाळी पत्रा इतका गार असतो की गोंद पत्र्यावर नीट धरण्याआधीच थिजतो, आणि गार रंग ताठर असल्यामुळे त्याला तडा लवकर जातो. तेव्हा हेअर ड्रायरने पत्रा कोमट करून घ्यावा, हाताला ऊब लागेल पण चटका बसणार नाही इतपत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा, म्हणजे मेण आणि पॉलिश निघून जाईल. टॅब पोच्यापेक्षा लहान निवडा, मोठी टॅब भोवतालचा चांगला पत्राही ओढून काढते. तिच्या तळाला गोंद लावून लगेच पोच्याच्या मध्यावर टेकवा, पण चेपून टाकू नका, खाली गोंदाचा थर राहू द्या. दोन-तीन मिनिटं थांबा. गोंद बोटाला गार लागला की लिफ्टर बसवून त्याची मूठ सावकाश आवळा. टॅब टक् आवाज करून सुटेल. सुटली नाही तर हिसका देऊ नका. कडेने अल्कोहोलचे थेंब सोडा, अर्धा मिनिट जाऊ द्या, गोंद पत्र्यावरून आपण होऊन सुटू लागतो, मग प्लास्टिकच्या पट्टीने अलगद उचला.

पहिल्या ओढीत पोचा थोडासाच कमी होतो आणि तसंच व्हायला हवं. पुन्हा दिवा धरा, रेघ पाहा, टॅब किंचित सरकवून पुन्हा लावा. मधूनमधून क्राऊनवर खुंटीचे ठोके द्या. हातोडी हलकी हवी, खुंटीचं टोक बोथट हवं, आणि लोखंड रंगाला कधीही टेकता कामा नये. कसलेले कारागीर पत्रा मुद्दाम किंचित जास्त ओढतात आणि मग ठोकून सपाट करतात. नवख्याने तसं करायला जाऊ नये, कारण खोलगट राहिलेला पत्रा कारागीर नंतर सुधारू शकतो, पण ठोक्याने तडकलेला रंग कुणीच सांधू शकत नाही. पोचा समोरून दिसेनासा झाला आणि एखाद्याच कोनातून जाणवतो, इतकं साधलं तरी घरच्या कामाला ते पुष्कळ आहे.

बंपरचं गणित निराळं, कारण तो पत्रा नाहीच. बहुतेक बंपर पॉलिप्रोपिलीन जातीच्या प्लास्टिकचे असतात आणि उष्णतेने मऊ पडतात. उकळतं पाणी चेपलेल्या जागी ओतायचं, जाड हातमोजे घालून आतल्या बाजूने ढकलायचं आणि आकार परत आला की गार पाणी ओतून तो तसाच धरवायचा. रंग फाटलेला नसेल आणि प्लास्टिकला घडी पडलेली नसेल तर हा उपाय खरंच चालतो. तो पाहून लोक हेच पत्र्यावर करायला जातात, किंवा पत्रा ड्रायरने तापवून त्यावर बर्फ किंवा थंड गॅसचा फवारा मारतात. इथे हिशोब मांडून पाहावा. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत साधारण 12 भाग एवढं प्रसरण पावतं. दहा सेंटिमीटरचा पत्रा 60 अंशांनी तापवला तर तो जेमतेम 0.07 मिलिमीटर वाढतो. एवढ्याने ताणला गेलेला धातू मागे येत नाही. नुसताच अडकून बसलेला, रुंद आणि उथळ खोलगा कधीतरी ‘टण्’ करून बाहेर येतो, पण तसा खोलगा काच उचलायच्या रबरी सक्शन कपनेही निघतो. तापलेल्या रंगावर अचानक गारवा मारला तर क्लिअर कोटला बारीक तडे जाण्याची भीती मात्र खरी आहे.

काही ठिकाणी हट्ट सोडावा. रंगाला तडा गेलेला असेल तर पत्रा सरळ झाला तरी पाणी आत शिरत राहणार. मुंबईत किंवा किनाऱ्यावर, खाऱ्या हवेत, अशी जागा फार दिवस उघडी ठेवू नये. गाडीवरच्या स्टिकरवरून रंगाचा कोड पाहून टच-अप रंग आणावा आणि तो चऱ्यात थेंबाथेंबाने भरावा, ब्रशने पसरवू नये. ॲल्युमिनियमचं बॉनेट असेल तर ते घरी छेडूच नये. तो धातू पोलादासारखा मूळ आकाराकडे परतू पाहत नाही, पटकन तडकतो, आणि त्याला बेताची उष्णता देत काम करणारा खास सराव लागतो. खांबांसारख्या बंद पोकळीच्या भागांत मागून वाटच नसते, तिथे गोंदाने जेवढं निघेल तेवढंच.

पीडीआरची खरी किंमत कळते ती गारपिटीनंतर. 12 जुलै 1984 रोजी जर्मनीत म्युनिकवर मोठ्या गारा कोसळल्या आणि लाखोंच्या संख्येने गाड्या पोचल्या. अशा गाडीच्या टपावर आणि बॉनेटवर शेकडो छोटे गोल पोचे असतात आणि रंग बहुधा अखंड असतो. एवढे पत्रे घासून रंगवण्यापेक्षा एकेक पोचा मागून उचलणं स्वस्तही पडतं आणि गाडीसाठी चांगलंही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात गारपिटीने पिकांची केलेली दैना आपण विसरलेलो नाही. अशा दिवसांत उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांसाठी हाच इलाज आधी विचारावा.

विम्याचंही पाहून घ्यावं. सलग पाच वर्षं क्लेम न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्क्यांपर्यंत नो क्लेम बोनस मिळतो. एका पोच्यासाठी क्लेम केला की तो सहसा हातचा जातो, शिवाय क्लेममधली ठराविक रक्कम आपल्याच खिशातून जाते. दोन्ही बाजूंचा आकडा कागदावर मांडल्याशिवाय सहीसाठी पेन उचलू नये.

कारागीर निवडताना त्याने आधी केलेलं काम प्रत्यक्ष पाहावं आणि तो भोक पाडतो का, हे सरळ विचारावं. गाडी ताब्यात घेताना संध्याकाळच्या अंधुक उजेडात घेऊ नये. दिवसा, धुतलेल्या गाडीवर, दोन्ही बाजूंनी तिरपं पाहावं, ट्यूबलाइटची रेघ त्या जागेवरून एकदा फिरवावी, बारीक तडे शोधायला नख हळूच ओढून पाहावं, आणि काच दोन-तीनदा खालीवर करून लॉक तपासून मगच पैसे द्यावेत.